मुळाची दोरी

आमच्या तळ्याचा बांध नवा होता आणि पणजोबांचे पणजोबा अजून जन्मायचे होते, त्या काळची ही गोष्ट. तळेबारी गावात सटवा नावाचा पाथरवट राहायचा. गिरजा त्याची बायको. सटवा एका दमात तळ्याचा तळ चाचपून येई, असं म्हणतात.

दगड सगळेच घडवतात, पण सटवाची रीत निराळी. माप घेताना तो भिंत बघायचा नाही, जमीन बघायचा नाही. ज्या दगडाचं माप घ्यायचं, त्याच्याच एका कोपऱ्यात खूण करायचा. तिला तो ‘मूळ’ म्हणे. मुळापासून एक दोरी आडवी, एक उभी. मग दगडावरचा कुठलाही खळगा सांगता येई: इतकी बोटं आडवं, इतकी बोटं उभं, इतके जव खोल. लोक हसायचे. "दगडावर गाव वसवतुयास व्हय रं?" म्हणायचे.

एका श्रावणात तळं तुडुंब भरलं आणि बांधातून पाणी सोडायच्या मोरीचं पाण्याखालचं तोंड बंद ठेवणारी शिळा फुटली. पाणी सुटलं, बांध आतून खचू लागला. बांधाखाली सगळं गाव. कारभाऱ्यांनी बांधावरून मापं घेऊन नव्या शिळा सोडल्या, पण मोरीचं तोंड तिरपं आणि टवके उडालेलं, एकही बसेना. आमच्या गावाला शहाणपण नेहमी उशिराच सुचतं. मग सटवाला बोलावलं.

सटवानं बुडी मारून खाली मोरीच्या तोंडाच्या कोपऱ्यात मूळ धरलं. तिथून दोरीला हिसके देऊन तो मापं सांगू लागला, आधी आडवं, मग उभं, मग खोली. वर गिरजानं नव्या शिळेवर त्याच्या जोडीचं मूळ धरलं. तोंडाचा टवका उडाला असेल तिथं ती शिळा उंच ठेवी, बाकीची छिन्नीनं उतरवी. सटवा मधूनमधून दम घ्यायला वर यायचा. मग एकदा गेला तो आलाच नाही. दोरी मात्र हलत होती.

पाटील ओरडले, "गिरजे, वढून काढ त्येला!"

तिनं दोरी ओढली. खालून पुढचं माप आलं. पुन्हा ओढली. पुन्हा मापच आलं.

"त्ये येत न्हाईत, पाटील," ती म्हणाली. "काम पुरं कर म्हनत्यात."

एवढा दम कुणा माणसाला नसतो, हे तिला कळत होतं. ती रडत होती आणि छिन्नी चालवत होती. दिवस मावळेपर्यंत दोरी हलत राहिली, असं म्हणतात.

शिळा तयार झाली, पण ती सोडायला माणसं धजेनात. खाली सटवा होता.

"सोडा," गिरजा म्हणाली. "माजी लेकरंबी गावातच हायती."

शिळा बसली. पाणी थांबलं. गिरजाच्या हातातली दोरी सैल पडली.

उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा लोक खाली उतरले. दोरीचं टोक शिळेबाहेरच्या खुंटीला गाठ मारून बांधलेलं होतं. सटवा कुठंच नव्हता. शिळा उचलून बघू, असं कुणी म्हणालं. गिरजानं हात लावू दिला नाही. "बसलीया, तर ऱ्हाऊ द्या," एवढंच बोलली.

आजही तळेबारीत उंबरा बसवायचा असो की ओट्याची फरशी, आधी कोपऱ्यात हळदीचं बोट लावून मूळ धरतात. तिथून दोरी ताणतात आणि घरातली बाई ती एकदा हळूच ओढते. गवंडी थापी खाली ठेवतो. सगळे थोडं थांबतात. मग ती बाई म्हणते, "सटवाबाबा, झालं काम. या आता वर."