मेणाची किल्ली

एका राज्यात विहिरी पुष्कळ, पण पाणी एकीलाच. तिचा दोर मंतरलेला, पोहराही मंतरलेला. दुसऱ्या कशाने थेंब वर येत नसे. आणि राजकुळाची रीत अशी, की हातात धरले ते सोडायचे नाही. रीत कसली, खोडच ती.

एकदा थोरल्या राजपुत्राने दोर धरला, धाकट्याने पोहरा. "आधी तू सोड," हा म्हणे. "आधी तू," तो म्हणे. प्रजेच्या घशाला कोरड पडली. कालजिव्ह मांत्रिक तिथे आला आणि हसला. "धरलेले सोडणारा या कुळात निपजेपर्यंत दगड होऊन झगडा," म्हणाला. दोघांच्या दोन शिळा झाल्या. दोर-पोहरा खाली पडला, पण त्याला हात लावायची कोणाची छाती होईना.

"विहीर माझ्या हवाली कर," मांत्रिक राजकन्या हेमलेखेला म्हणाला. "पाणी मी वाटीन."

"विहीर कोणाच्याच हवाली होणार नाही."

भावांचा तिला संताप होता, आणि ते परत हवेही होते.

पारावरची साळुंकी बोलली, "तीन कामे कर. दोर आणि पोहरा एकाच दाराआड ठेव. दाराला एकच किल्ली कर. आणि ती अशी कर, की हट्टी माणसालाही धरून ठेवता येऊ नये."

दार झाले, कुलूप झाले. लोहार लोखंड घेऊन आला. तिने त्याला परत पाठवून मेण मागवले. दवंडी पिटली: दार उघडून किल्ली गळ्यात बांधावी, पाणी काढावे. अंगाच्या उबेने मेण वितळले की पाळी संपली. हाती असेल ते पाणी विहिरीत, दोर-पोहरा दाराआड, आणि त्याच मेणाची किल्ली पुन्हा घडवून पुढच्याला.

शापाच्या भयाने कोणी पुढे येईना, म्हणून पहिली पाळी तिचीच. भरला पोहरा काठाशी आला आणि मेण गळ्यावरून ओघळले.

"एक ओंजळ शिळांवर शिंपड, भाऊ उठतील," मांत्रिक कुजबुजला. "नियम तुझाच. मोडलास तर विचारणार कोण?"

हेमलेखेला रडू आले. तिने शिळांकडे पाहिले, मग मागे उभ्या लोकांकडे.

"मी विचारीन," ती म्हणाली, आणि पोहरा विहिरीत पालथा केला. दोर-पोहरा दाराआड ठेवला.

शिळा तडकल्या. भाऊ डोळे चोळत उठले आणि सवयीने दोराकडे धावले.

"रांगेत," हेमलेखा म्हणाली. ते निमूट मागे गेले.

त्या रांगेच्या शेवटी कालजिव्हही उभा राहिला. तहान मंत्राने भागत नाही. पाळी आली तेव्हा त्याच्याही गळ्यात तीच मेणाची किल्ली बांधली. तो पोटभर प्याला आणि मेण वितळायच्या आत दोर जागेवर ठेवून चालता झाला.