उदबत्तीच्या जागी ठेवलेलं भांडं

पूर्वेच्या समुद्रात बेटांचं एक राज्य होतं आणि त्या राज्यात मिचितोशी नावाचा सम्राट होता. सम्राट म्हणजे साक्षात देव, असं प्रजेला शिकवलेलं होतं. बिचाऱ्याला स्वतःलाही तेच शिकवलेलं होतं. खरं तर त्याचा जीव रमायचा समुद्रातल्या बारक्या प्राण्यांत. एक भिंग आणि एखादा खेकडा मिळाला की त्याला जेवणाचीही आठवण राहत नसे.

देवाने माणसांशी बोलू नये, असा दरबाराचा रिवाज होता. सम्राट पडद्याआड बसे. प्रधान प्रस्ताव वाचून दाखवी आणि एक उदबत्ती लावी. ती विझेपर्यंत पडद्यामागून शब्द आला नाही, तर महाराजांचा होकार आहे असं समजायचं. पिढ्यानपिढ्या शब्द कधी आलाच नव्हता. प्रधानांची त्यात मोठी सोय होती.

एके दिवशी प्रधानाने शेजारच्या देशांवर स्वारी करण्याचा प्रस्ताव वाचला. सम्राटाला तो मुळीच पटला नाही. 'नको' हा शब्द त्याच्या अगदी ओठांवर आला. पण आजोबा बोलले नव्हते, वडील बोलले नव्हते, मग आपणच रिवाज कसा मोडायचा? शिवाय, खोटं कशाला बोला, त्याला प्रधानाची भीतीही वाटली. उदबत्ती विझली. प्रधान म्हणाला, "महाराजांची आज्ञा झाली."

युद्ध सात वर्षं चाललं. आधी दुसऱ्यांचे देश बेचिराख झाले, मग स्वतःची शहरं जळाली. घराघरांतून मुलं गेली, ती सगळी महाराजांच्या नावाने गेली. शेवटी उरलेली मुलंही गलबतांवर चढवली गेली. त्यांना रवाना करण्याचा प्रस्ताव प्रधानाने वाचला आणि उदबत्ती लावली. ती अर्धी जळाली असेल, तोच पडद्यामागून एक बारीक, कापरा आवाज आला.

"नको. युद्ध थांबवा."

दरबारी एकमेकांकडे बघत राहिले. हा आवाज कुणाचा, हेच त्यांना कळेना. मग पडदा सारून सम्राट स्वतःच बाहेर आला.

युद्ध थांबलं. आपण देव नाही, असं सम्राटाने जाहीर केलं आणि तो बेटाबेटांवर लोकांना भेटत हिंडू लागला. लोक वाकून म्हणत, "आपण आम्हाला वाचवलंत." तो नुसती मान हलवी. पण ते ऐकलं की तो घाईने पुढच्या घराकडे वळे.

एका लहानशा बेटावर तोमे नावाची विधवा त्याला भेटायला आली. समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणं हा तिचा धंदा. तिने एक मातीचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं.

"माझा धाकटा गलबतावर चढला होता, महाराज. दोर सोडायचा तेवढा बाकी होता. तुमचा हुकूम आला आणि पोरगा घरी आला. आता रोज सकाळी तोच माझी होडी वल्हवतो. तुमचे उपकार कसे फेडू? तुम्हाला असले जीव आवडतात असं ऐकलं, म्हणून पार तळाशी जाऊन आणलाय."

भांड्यातल्या खाऱ्या पाण्यात पेराएवढी निळी गोगलगाय होती. सम्राटाने तशी कधी पाहिली नव्हती. तो हरखून भिंग काढणार, एवढ्यात तोमे पुन्हा बोलू लागली.

"माझा थोरला, काझू, पहिल्याच वर्षी गेला. एक विचारू? शेवटी जो शब्द बोललात, तो आधी का नाही बोललात?"

सम्राट गप्प झाला. सोबतचा कारभारी लगबगीने पुढे सरसावला. "बाई, महाराज गप्प आहेत, याचा अर्थ असा की..."

"अर्थ मी सांगतो," सम्राट म्हणाला आणि वाळूत तिच्यासमोर बसला. "मला तेव्हाही कळत होतं, आई. पण मी घाबरलो. गप्प बसणं सोपं होतं. तुमचा काझू माझ्या गप्प बसण्याने गेला. पलीकडच्या देशांतल्या किती आयांची मुलंही त्यानेच गेली."

तोमे पुष्कळ वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पोरगा काही परत यायचा नाही. पण हे कुणीतरी माझ्या तोंडावर म्हणावं, म्हणून थांबले होते. तुम्ही म्हणालात, बरं झालं."

सम्राटाचेही डोळे भरून आले. जन्मभर लोकांनी त्याला नमस्कार केले होते. जाब विचारणारी ही पहिलीच, आणि तिने विचारलं म्हणूनच त्याला इतक्या वर्षांनी खरं बोलता आलं होतं. तो तिच्यापुढे वाकला आणि म्हणाला, "उपकार तुमचे आहेत."

गोगलगाय त्याने डोळे भरून पाहिली. वहीत तिचं चित्र काढलं, खाली 'काझू' असं नाव लिहिलं आणि तिला समुद्रात सोडून दिलं. भांडं मात्र त्याने मागून घेतलं.

ते भांडं दरबारात उदबत्तीच्या जागी ठेवलं गेलं. तेव्हापासून होकार असो की नकार, प्रत्येकाला तो तोंडाने सांगावा लागे, सम्राटालाही. एखादा नवा दरबारी विचारी, "हे रिकामं भांडं इथे कशाला?" मग म्हातारा झालेला सम्राट त्याला काझूची गोष्ट पहिल्यापासून सांगे आणि त्यातली स्वतःची चूक कधी गाळत नसे.

तात्पर्य: ज्याच्या एका शब्दावर हजारो घरं अवलंबून असतात, त्याचं गप्प बसणं म्हणजेही हुकूमच असतो. तो उशिरा बोलला, तरी त्याचे आभार मानावेत. आणि उशीर का केला असं विचारणारं कुणी भेटलं, तर त्याने त्या माणसाचे आभार मानावेत.