बुवांची अळंबी

"म्हणजे मी खोटं बोललो असं तर होत नाही ना, बुवा?"

डोंगरावरच्या मठीत टेकल्या टेकल्या हिराजी घरतने हेच विचारलं.

बुवांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

हिराजी जमिनीचा एजंट. खाडीपासून डोंगरापर्यंत कुणाचा तुकडा कुठं संपतो, ते त्याच्या जिभेवर. गिऱ्हाइकाने काहीही विचारावं, याचं उत्तर तयार. 'माहीत नाही' असं त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तसं म्हटलं की धंदा बसला, ही त्याची पक्की समजूत.

"कुणाला काय सांगितलंस?"

"पेडणेकर सिस्टर म्हणून आहेत. मुंबईत नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात. राहती खोली विकून इथं दोन खोल्या बांधायच्या म्हणतायत. प्लॉट पसंत पडला, सोमवारी सही. त्यांनी विचारलं, घर बांधता येईल ना? मी म्हटलं, बिनधास्त बांधा, टेन्शन घेऊ नका."

"मग?"

"काल सातबारा नीट वाचला. खाली वनखात्याचा शेरा आहे..."

"म्हणजे बांधता येणार नाही?"

"येईलही! जुना शेरा असेल. उठलाही असेल."

"जाणत्याला विचारलंस?"

हिराजीने मान फिरवली. "तालुक्याला एक वकील आहेत, असलेच कागद बघतात. पण त्यांच्याकडे गावभरची माणसं बसलेली असतात. हिराजीला सातबारा कळत नाही, अशी बोंब व्हायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही आपला आशीर्वाद द्या, बुवा."

वकिलाकडचं काम घेऊन माणूस बुवांकडे आला, की समजावं त्याला उत्तर नको आहे. मला अशा भक्तांचा राग येतो. बुवांना येत नसावा.

ते उठले. चुलीवरचं झाकलेलं पातेलं उघडलं. ताटलीत भाकरी आणि अळंबीची भाजी वाढून हिराजीपुढे ठेवली.

"जेव."

वास झकास होता. हिराजीने भाकरी मोडली... आणि थांबला. ताट एकच होतं.

"तुम्ही नाही घेत?"

"मला भूक नाही."

हिराजीने भाजी बोटाने जरा सारली. अळंबीचे देठ त्याला काळपट वाटले.

"कुणी खुडली?"

"मीच."

"तुम्हाला ओळखता येते? गेल्या वर्षी पलीकडच्या गावात एक आख्खं घर इस्पितळात नेलं होतं."

"बारा वर्षं या डोंगरावर आहे. टेन्शन घेऊ नकोस."

हिराजीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. बुवांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना.

"कुणा जाणत्याला दाखवली होती का?"

"दाखवायला गेलो असतो तर लोक काय म्हणाले असते? बुवाला अळंबीसुद्धा कळत नाही?"

हिराजीने घास ताटलीत ठेवला. तो तोंडाशी गेला असता तर बुवांनी हात धरला असता की नाही, देव जाणे.

"नको, बुवा. खरंच नको."

"बरं."

बुवांनी पळसाची पानं घेतली. भाकरी-भाजी त्यात नीट बांधली. पुडा हिराजीपुढे धरला.

"सोमवारी सिस्टरना दे. म्हणावं, बिनधास्त खा."

हिराजीचा हात पुढे होईना.

बुवांचाही मागे येईना.

...

शेवटी हिराजी उठून उंबऱ्याशी गेला. तिथं फोनला रेंज येते.

"सिस्टर, हिराजी बोलतोय. त्या प्लॉटवर घर बांधता येईल की नाही, ते मला... माहीत नाही. हो, परवा म्हणालो होतो. सोमवारी सही करू नका. आधी वकिलांना कागद दाखवू."

 पलीकडून सिस्टरचा आवाज इतका चढला की तो आत बुवांनाही ऐकू गेला.

"मग परवा कशाच्या जोरावर हो म्हणालात? मी खोलीचा सौदा करून बसले असते तर कुठं गेले असते? ते कागद मला पाठवा. वकील माझा मी बघते. तुमच्या वकिलावर तरी कसा विश्वास ठेवू?"

फोन बंद झाला.

हिराजी परत येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"गेलं गिऱ्हाईक. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि चोर ठरलो."

बुवांनी पुडा खाली ठेवला.

"आता तरी सांगा, बुवा. ही अळंबी खायची आहे की विषारी?"

"मला माहीत नाही," बुवा म्हणाले. "कातकरवाडीतल्या बारकीला रानातली अळंबी ओळखता येते, तिला निरोप धाडलाय. ती येऊन बघेपर्यंत बस माझ्याबरोबर उपाशी."