तुळशीरामनं जुनी सिस्टीम घातली

“अहो, पण अर्ध्यात बंद का केला?”

“तूच जेवायला हाक मारलीस.”

“मग? भाकरी काय पळून चालली होती?”

हे भांडण कडगावातल्या हौसाचं आणि तिच्या नवऱ्याचं, तुळशीरामचं. तुळशीराम भारी भोळा. दुसरीचा असता तर हौसा सरळ मूर्ख म्हणाली असती. स्वतःचा म्हणून भोळा.

हौसा ब्लाउज शिवायची, भरतकामाची नक्षी लॅपटॉपवर काढायची. लॅपटॉप म्हातारा. तुळशीरामनं त्यात नवी सिस्टीम टाकली आणि तो धापा टाकायला लागला. नक्षी उघडेचना. शेवंताकाकींच्या मुलीचं लग्न तोंडावर, ब्लाउज अडकलेला. म्हणून पुन्हा जुनीच सिस्टीम घालायची होती, ती ह्यानं अर्ध्यात तोडली.

दुरुस्तीवाले निसारभाऊ फोनवर म्हणाले, “एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत हात लावायचा नाही.”

“पुढच्या वेळी तसंच करतो.”

पुढची वेळ दुधाची आली. दूध वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून जमिनीवर पोचलं. हा बाजूलाच हाताची घडी घालून उभा.

“अहो, वर चढलं की लगेच बंद करायचं!”

“पुढच्या वेळी तसंच करतो.”

पुढची वेळ लॅपटॉपची. जुनी सिस्टीम किती भरली ते दाखवणारी हिरवी पट्टी चढत चढत टोकाला आली. ह्यानं झटकन बटण दाबलं.

“वाचवलं! उतू चालली होती.”

शेवटी निसारभाऊ स्वतः आले. सगळं नीट करून दिलं आणि जाता जाता म्हणाले, “तुळशीराम, नव्यावर जुनं घालायला जायचं नाही. नवं आधी पूर्ण काढायचं, मगच जुनं.”

“पुढच्या वेळी तसंच करतो.”

लॅपटॉप पळायला लागला. हौसानं मान मोडून ब्लाउज पुरा केला. नवरीच्या आजीच्या लुगड्याचा जरीकाठ तेवढा बाह्यांना लावायचा राहिला.

“मी हुक घेऊन येते. तोवर काठाला टाचण्या लावून ठेवा,” म्हणून ती दुकानात गेली.

परत येते तो घरात ब्लाउज न्यायला आलेल्या शेवंताकाकींचा आरडाओरडा. बाह्या एकीकडे, पाठ एकीकडे, नक्षीचे धागे केरात. मध्ये तुळशीराम, हातात जुना काठ.

“नवं सगळं काढलंय, काकी. एक टाका ठेवला नाही. आता जुनं खुशाल घाला!”

“अरे शहाण्या, उद्या हळद आहे! उसवायच्या आधी माणसानं निदान...”

हौसानं धावत जाऊन काकींच्या तोंडावर हात ठेवला.

“काकी, नक्षी लॅपटॉपात आहे, ब्लाउज मी सकाळपर्यंत पुन्हा उभा करते, तुम्ही शिव्या वाट्टेल तेवढ्या घाला, पण ह्यांना आता काही शिकवू नका!”