झाकणावरचा विस्तव

एका राज्यात जिकडे पाहावे तिकडे केळीची बने होती. नदीच्या काठाने केळी, टेकडीच्या उतारावर केळी, राजवाड्याच्या तटाला टेकूनही केळीच. त्या राज्याचा राजा हेमध्वज. राज्य मोठे, शब्द मोठा, आणि कोश त्याहून मोठा.

त्या राज्यात दोन रिवाज होते. डाग पडलेले केळे माणसाने खायचे नाही, गुरांपुढे टाकायचे. आणि घरोघरची चूल राजाच्या अग्निशाळेतल्या विस्तवानेच पेटवायची. दुसऱ्याकडे विस्तव मागायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. मागतो तो खालचा, असे तिथे रांगत्या लेकरालाही शिकवीत.

एके दिवशी बनात विहीर खणताना राजाच्या माणसांना केळ्यांचे एक लोंगर सापडले. ते सोन्याचे होते. राजाने ते कोशात ठेवले. त्याच दिवशी भस्मांग नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"राजा, ती माझी ठेव आहे."

"जमीन माझी. जमिनीतले माझे."

"तुला सोनेच हवे?"

"राजाला दुसरे काय हवे असते?"

"मग घे सोने," भस्मांग म्हणाला. "तुझ्या राज्यातले एकूण एक केळे आज पिकेल. केळी जशी काळी पडतील, तसा तू पायांपासून सोन्याचा होत जाशील. त्यातले एक जरी मातीत कुजले, तरी माथ्यापर्यंत सोन्याचा होऊन जन्मभर उभा राहशील."

एवढे बोलून तो धुराचा झाला आणि झरोक्यातून निघून गेला. राजाने खाली पाहिले. त्याची नखे पिवळी झाली होती, आणि खिडकीबाहेर सगळे राज्यही पिवळे झाले होते.

त्याच दिवशी राजकन्या उत्पला परत आली. बालपणीच तिला सात डोंगरांपलीकडच्या आश्रमात शिकायला धाडले होते. घोड्यावरून उतरली ती थेट पित्यापुढे गेली आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. पाय थंड होते. कडक होते. तिने वर पाहिले.

"तात, हे काय?"

"काही नाही, बाळे. राजाचे वैभव वाढते आहे," राजा म्हणाला. पण दरबाऱ्यांनी तिला शापाची गोष्ट सांगितली.

उत्पलेला सारे कळले, आणि तिने मनाशी ठरवले की हे होऊ द्यायचे नाही. आधी ती सोन्याचे लोंगर खांद्यावर घेऊन भस्मांगाच्या गुहेत गेली. मांत्रिकाने ठेव मोजून घेतली आणि म्हणाला, "पोरी, तू शहाणी आहेस. पण सुटलेला शाप माझ्या हाती नाही. तो आता आपल्या वाटेने चालतो. केळे कुजू देऊ नकोस, एवढेच सांगतो."

मग राज्यात दवंडी पिटली: खा, केळी खा! लोकांनी सकाळी शिकरण खाल्ले, दुपारी शिकरण खाल्ले, संध्याकाळी शिकरणाकडे पाहून हात जोडले. एका शेजारणीने दुसरीला प्रेमाने घड दिला. पाठ फिरताच तो घड पहिलीच्याच दारात परत आला. गुरांनी माना फिरवल्या. माकडे शेजारच्या राज्यात निघून गेली. केळ्यांवर डाग पडू लागले, आणि सोने राजाच्या घोट्यांवर चढले.

उत्पला मुदपाकखान्यात गेली. तिथला मुख्य आचारी नागोजी कपाळाला हात लावून बसला होता.

"नागोजीकाका, डागाळलेली केळी सगळी इथे आणा."

"आणि काय करू, राजकन्ये? गुरेसुद्धा तोंड लावीनात."

"आम्ही आश्रमात त्यांचा रोट भाजत असू. केळे जितके काळे तितके गोड. कुस्करायचे, गव्हाचे जाडे पीठ, गूळ, तूप घालायचे. पातेल्यात केळीचे पान अंथरून त्यावर ओतायचे. खाली आच, झाकणावर विस्तव. असा रोट भाजला की महिनाभर कुजत नाही."

"काळी केळी? माणसांनी खायची?" नागोजीने कानाला हात लावले. "माझे आजोबा स्वर्गातून खाली उतरतील!"

"उतरू द्या. त्यांनाही एक तुकडा वाढू."

नागोजी हसला नाही, पण उठला. पीठ आले, पातेले आले, विस्तव आला. रोट चुलीवर चढला. झाकण उघडले, तर आत पीठ वाळूसारखे कोरडे, केळे पाण्यासारखे पातळ, आणि वरचा थर बर्फासारखा गार. पुन्हा केले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केले, तिसऱ्यांदाही तेच. उत्पलेने पळी खाली ठेवली नाही. ती चौथ्यांदा कुस्करायला बसली.

खिडकीत तांबट पक्षी बसला होता. कपाळ लाल, गळा पिवळा. तो म्हणाला, "टुक् टुक्! राजाची पोर भिंतीवर डोके आपटते, आणि भिंत काही फुटत नाही."

"दिसत असेल तर दार दाखव," उत्पला म्हणाली. "चिडवायला माणसे पुष्कळ आहेत."

पक्ष्याला हे उत्तर आवडले. तो म्हणाला, "शाप ज्याच्यावर, त्याच्याच वस्तूंनी तो कसा फिटेल? पीठ त्याचे, भांडे त्याचे, विस्तव त्याचा. खालची आच घरची चालेल. पण त्याचे नसलेले पीठ आण. त्याचे नसलेले भांडे आण. आणि झाकणावर ठेवायला त्याचा नसलेला विस्तव आण."

"कुठे मिळतील?"

"चाल. मी उडतो."

पीठ वाऱ्याच्या डोंगरावर होते. तिथे एक जाते आपोआप फिरे आणि त्याच्याशेजारी एक राक्षस घोरत पडलेला असे. उत्पला पोचली तेव्हा जाते थांबलेले होते. राक्षसाने एक डोळा उघडला.

"गाणे म्हटल्याशिवाय ते फिरत नाही. म्हण."

उत्पलेने आश्रमात शिकलेले श्लोक म्हटले. शुद्ध म्हटले, सुरात म्हटले. जाते हलले नाही. राक्षसाने जांभई दिली.

"हे देवांना ऐकव, मुली. जात्याला घरचे काहीतरी सांग."

उत्पला जात्याशी बसली. तिला ओवी कोणी शिकवली नव्हती. ओव्या शिकण्याच्या वयात ती घरी नव्हती. तिने खुंट्याला हात लावला आणि जे मनात होते तेच म्हटले:

पिकले गं लोंगर,
वाकली केळमाय,
सोन्याचे झाले पाय
बापाचे गं.

जाते घरघरले. पीठ पडू लागले. इतके पडले की राक्षसाने आपली गोधडी पोते म्हणून दिली आणि ते डोंगराखाली वाहूनही आणले. "बापाला सांग," तो म्हणाला, "मुलगी चांगली आहे, फक्त तिला म्हणावे, श्लोक कमी म्हण."

मग तांबट तिला जुन्या तळ्यावर घेऊन गेला. त्या तळ्याची ख्याती अशी, की घरात कार्य निघाले की काठावर हळदकुंकू वाहून भांडी मागावीत. तळे भांडी वर धाडी. कार्य झाले की घासूनपुसून परत सोडावीत. पण फार दिवसांत तळ्याने कोणाला वाटीही दिली नव्हती.

"का?" उत्पलेने विचारले.

"तुझ्या बारशाला तुझ्या बापाने मोठे पातेले नेले. ते त्याला आवडले," पक्षी म्हणाला. "परत आलेच नाही."

उत्पला राजवाड्यात गेली. पातेले मुदपाकखान्यात मानाच्या जागी उभे होते. तिने ते आपल्या हाताने चिंचेने घासले आणि डोक्यावर घेऊन भर बाजारातून चालली. लोक म्हणाले, "राजकन्या भांडी वाहते!" ती म्हणाली, "दुसऱ्याची आहेत, म्हणून वाहते." तिने पातेले पाण्यात सोडले. मग पाणी उसळले आणि तांब्याची पातेली वर आली, एकामागून एक, झाकणांसकट, राज्यातल्या घराघराला पुरतील इतकी.

उत्पला आनंदाने परतली. पण राजा आता कमरेपर्यंत सोन्याचा झाला होता, आणि बनांतून आंबूस वास येत होता. केळी काळी पडली होती. आणखी एक दिवस गेला, तर ती मातीला मिळणार होती.

उरला विस्तव. उत्पलेने रानात जाऊन गारगोट्या घासल्या. पक्षी म्हणाला, "गारगोटी त्याची." तिने अरणीचे लाकूड घासले. पक्षी म्हणाला, "लाकूडही त्याचेच." विजेने पेटलेले झाड तिने शोधून काढले. पक्षी म्हणाला, "झाड कोणाच्या जमिनीत उभे आहे?"

"मग विस्तव नदीपलीकडेच आहे," उत्पला म्हणाली.

"आता कशी बोललीस!"

नदीपलीकडे राणी धारावतीचे राज्य होते. उत्पला नावेत बसून पलीकडे गेली. राणी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. राणी असूनही ती आपले तांदूळ आपण निवडी.

"राणीसाहेब, मी हेमध्वजाची मुलगी. विस्तव मागायला आले."

राणीचे हात थांबले. "तुझ्या बापाने तुला सांगितले नाही वाटते. महापूर आला त्या वर्षी आमच्या साऱ्या चुली विझल्या. माझी माणसे त्याच्या दारी विस्तव मागायला गेली. त्याने त्यांच्या हातांतल्या, विस्तव न्यायला आणलेल्या आगट्यांवर पाणी ओतले आणि म्हणाला, मागतो तो खालचा. त्या हिवाळ्यात आमच्याकडे कच्चे धान्य चावून म्हातारीकोतारी गेली."

उत्पलेची मान खाली गेली. ती म्हणाली, "मला ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले. तरीही मागते."

"तू मागितलेस, ते तुला शोभले. पण पाणी तू ओतले नव्हतेस. ज्याने ओतले त्याने मागावे."

उत्पला परत आली. राजाला सारे सांगितले. राजाची छातीही आता पिवळी पडू लागली होती.

"राजा मागत नाही," तो म्हणाला. "पुतळा होईन. लोक पुतळ्याला नमस्कार करतील."

"करतील, तात. फुलेही वाहतील. पण मी बारा वर्षे दूर होते. रोज संध्याकाळी वाटे, घरी जाईन, तात मला हाक मारतील. पुतळा हाक मारतो का?"

राजाने आपल्या पिवळ्या पडत चाललेल्या छातीकडे पाहिले.

"तुम्ही मोठे राहा आणि मी पोरकी होते. की तुम्ही एकदा मागता?"

राजाने डोळे मिटले. मग म्हणाला, "पालखी आणा. मजबूत आणा. मी जड झालो आहे."

पालखी आणली ती मोडली. दुसरी आणली, तीही मोडली. शेवटी बैलगाडीत गवत घालून राजाला उभे केले, आणि गाडी तराफ्यावर चढवून नदीपार नेली. दोन्ही काठांवर माणसे जमली. पलीकडची काही माणसे हसली. राजाने ते ऐकले.

राणीच्या दारात त्याने हात जोडले. हात अजून त्याचेच होते.

"धारावती, मी तुझ्या माणसांच्या आगट्यांवर पाणी ओतले. मी चुकलो. आज माझ्या चुलीला तुझा विस्तव हवा. मी मागतो."

राणी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. राणीने तांब्या राजाच्या ओठांशी नेला आणि वर गुळाचा खडा दिला.

"मागायला आलेला आधी पाहुणा असतो," ती म्हणाली. "आमच्याकडे असेच शिकवतात."

मग ती मागे वळून ओरडली, "अरे, बघताय काय? आगट्या भरा! आणि सुना-लेकीही चला. त्यांना झाकणावर विस्तव ठेवता येतो की नाही, कोण जाणे!"

त्या दिवशी नदी आगट्यांनी लखलखली. नावांतून, तराफ्यांवरून विस्तव आला. घरोघरी पातेली चढली. काळी केळी कुस्करली, वाऱ्याचे पीठ मिसळले, पाने अंथरली. खाली ऐलतीराची आच, झाकणावर पैलतीराचा विस्तव. नागोजी या चुलीवरून त्या चुलीवर धावत होता.

"काकू, निखारे कडेला सारा, मधे जळेल!" पलीकडची एक सून त्याला म्हणाली.

"मला काकू म्हणतेस?"

"मग पदरासारखे उपरणे डोक्यावर का घेतलेत?"

नागोजी हसला. सगळे राज्य हसले. पहिले झाकण उघडले आणि वास सुटला. रोट खरपूस, तांबूस, कडेने तुपाळ. नागोजीने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आजोबा, उतराच खाली."

उत्पला कुठे थांबली नाही. बनाबनातून हिंडली, पाल्याखाली हात घालून पडलेली केळी वेचली, बांधाच्या फटीतले केळे काढले, ओढ्यात वाहून चाललेले धावत जाऊन धरले. तिचे पाय रक्ताळले. सूर्य कलला तेव्हा राज्यात एकही केळे उरले नव्हते. होते ते रोट.

सगळे राजाभोवती जमले. तो चौकात उभा होता, गळ्यापर्यंत सोन्याचा, स्तब्ध. काहीच घडले नाही. उत्पला पुढे आली आणि त्याच्या गार, कडक हातावर आपला हात ठेवून उभी राहिली.

राजाने तिच्याकडे वळण्यासाठी पाऊल उचलायचा यत्न केला. जड पाऊल जरासे घसटले आणि एका झाकणावरून सांडलेल्या पैलतीराच्या निखाऱ्यावर पडले.

"आई गं!" राजा किंचाळला. "भाजलं! भाजलं गं, उत्पले!"

तो एका पायावर नाचू लागला. नाचता नाचता सोने केळीच्या सालीसारखे त्याच्या अंगावरून सोलून खाली पडले. आणि राजा आपला भाजलेला, लालबुंद, जिवंत पाय दोन्ही हातांत धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा हसत रडला. उत्पला त्याच्याशेजारी धुळीत बसली. तिने त्याच्या तळपायावर लोणी लावले. तो पुन्हा पुन्हा तिचे नाव घेत होता, आणि ती प्रत्येक वेळी "ओ" देत होती.

दुसऱ्या दिवशी राजाने अग्निशाळेची दारे काढून टाकली. पुढे त्या नदीवर पूल झाला, आणि दोन्ही काठांवर कोणाची चूल विझली की ज्याची पेटती असेल तो न मागता विस्तव घेऊन दारात उभा राही. त्यांच्या चुली धगधगत राहिल्या. ज्यांनी ऐकले त्यांच्याही राहोत, आणि शेजाऱ्याला द्यायला त्यांत चार निखारे नेहमी जास्त असोत.