जमादारांची झडती

"मग सुपरवायझर व्हायला आणखी काय लागतंय, चाचा? सांगा की एकदाचं!"

रेवणसिद्ध तावातावानं बोलत होता. मौला जमादार तंबाखू मळत होते.

सोलापुरातली ती कापडगिरणी बंद पडून कैक वर्षं झाली. शेड पाडल्या, मग भिंतही गेली. दगडी गेट तेवढं उभं आहे. त्याच्या दोन्ही बाजूंनी म्हशीसुद्धा बिनदिक्कत ये-जा करतात. जमादार म्हणजे गिरणीच्या सगळ्या रखवालदारांचे मुख्य. ते अजून रोज दुपारी त्या गेटाला टेकून लोखंडी स्टुलावर बसतात. मोकळ्या माळाची राखण कसली करता, असं लोक चिडवतात. ते हसतात आणि बसून राहतात.

रेवण त्यांचाच चेला. गिरणीच्या अखेरच्या दिवसांत बदली रखवालदार म्हणून त्यांच्या हाताखाली उभा राहिलेला. आता एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड. उद्या त्याची सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत होती. याआधी दोनदा संधी हुकली, आणि दोन्ही वेळा मागून आलेली पोरं वर चढली. या खेपेला हुकली तर तो वयात बसणार नव्हता. मग निवृत्तीपर्यंत गेटवरच उभं राहायचं.

"काय काय शिकलास?" जमादारांनी विचारलं.

"आग विझवायचा कोर्स केला. कॅमेरे बघता येतात. कॉम्प्युटर येतोय. साहेबांशी इंग्लिशमध्ये बोलतो. आणि झडती..." रेवणची छाती फुगली. "झडतीत माझा हात धरणारा कुणी नाही, चाचा. पाळी सुटली की माझी रांग बघा एकदा. हातातला चहा निवायच्या आत गेट रिकामं!"

"आमची रांग लई हळू असायची."

"हळू? मुंगी पुढं जायची, तुमची रांग नाही!" रेवण हसला. "एकेकाला थांबवून विचारायचात. बरं हाय का, पोराचा ताप उतरला का... आणि लोक तरी तुमच्याच रांगेत. बाजूची रांग मोकळी, तरी तुमच्याच."

जमादार पुन्हा तंबाखू मळू लागले.

मीही याच गिरणीच्या चाळीत वाढलो. भोंगा झाला की आमच्याकडे चुली पेटायच्या. केसांत कापूस अडकलेली माणसं गेटातून बाहेर पडायची, समोर भज्यांची कढई तापलेली असायची, आणि आम्ही पोरं आपापला बाप ओळखायला टाचा उंच करून उभी राहायचो. तो भोंगा कुठल्या भंगारात गेला कोण जाणे. खरं सांगतो, आठवलं की अजून जीव तुटतो.

"चाचा..." रेवणचा आवाज खाली आला. "बिराजदार साहेब तुमच्याच हाताखाली तयार झाले. उद्या मुलाखत तेच घेणार आहेत. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. एक फोन केलात तर..."

जमादारांनी मळलेली तंबाखू झटकून टाकली. उभे राहिले.

"झडती घे माझी."

"तुमची?"

"घे की बे. बघू दे तुझा हात."

रेवण खुलला. शर्ट खाली ओढून ताठ झाला. आवाजही गेटवरचा काढला.

"हात वर!"

जमादारांचा उजवा हात वर गेला. डावा खांद्यापाशी अडला. रेवणनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. कोपराला धरून त्यानं तो सरळ वर केला. काखेतून, कमरेवरून, पायघोळ लेंग्यावरून त्याचे पंजे सर्रकन फिरले. चंची निघाली. कंगवा निघाला. घराची किल्ली, बटणांचा फोन, चष्म्याचं घर, बंडीच्या आतल्या खिशातली खडीसाखरेची पुडीसुद्धा निघाली.

"सापडलं सगळं?"

"सगळं. सुई असती तर तीपण काढली असती!"

जमादार हळूच स्टुलावर टेकले. उजव्या हातानं डावा खांदा दाबून धरला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळ्यांत पाणी.

रेवणला आता कुठे दिसलं.

"चाचा... खांदा?"

"धरलाय. पावसाळ्यापासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"झडती देणाऱ्यानं बोलायचं नसतंय. गेटचा नियमच हाय."

...

रेवण तिथेच मातीत खाली बसला. बराच वेळ आपल्या पंजांकडे बघत राहिला.

"आमच्याकडं एक फिटर हाय, चाचा. सुतार म्हणून. झडतीला हात वर केला की दात आवळतो आणि माझ्याकडं बघतो. मला वाटायचं, माझ्यावर खार खातोय. मागच्या आठवड्यात बिराजदार साहेबांकडं तक्रार केली मी त्याची. उर्मट हाय म्हणून..."

जमादार खांदा चोळत राहिले.

"त्यानं कधी तोंड उघडलं नाही, चाचा."

"हं."

लांब कुठेतरी मालगाडीची शिट्टी झाली. एक म्हैस गेटाला अंग घासून पुढे गेली.

रेवण एकदम उठला. पँटची माती झटकली.

"पाळी सुटायची वेळ झाली. सुतार निघेल आता."

"आज सुट्टी हाय ना तुझी?"

"हाय. तरी जातो. आधी त्याला भेटतो, मग तक्रार मागं घेतो. साहेबांनी उद्या त्यावरनं मलाच धरलं तर धरू दे."

त्यानं वाकून जमादारांच्या पायाला हात लावला. फोनचं नावही काढलं नाही. मोटरसायकलला किक मारली आणि धुरळा उडवत गेला.

जमादारांनी तो बटणांचा फोन हातात घेतला. चष्मा लावला. एकेक बटण दाबून कानाला लावला.

"बिराजदार? मौला बोलतोय. उद्या रेवण येईल तुझ्याकडं... नाही, शिफारस नाही. ऐक. ह्या गेटातनं आजवर कुणाला सुताचा धागासुद्धा बाहेर नेऊ दिला नाही मी. आज त्याला काहीतरी घेऊन जाऊ दिलंय... तू घे झडती. बघ, सापडतंय का."