दाजिबाचा लेप

एका गावात एक भोळा कुंभार होता. नाव दाजिबा. मडकी अशी घडवायचा की गिऱ्हाइकानं वाजवून बघायची गरज नाही. फक्त एक खोड होती. कुणी काही सांगितलं की तो ते ऐकायचा, आणि तिथंच घोळ व्हायचा.

दाजिबाचं लग्न ठरलं. मुलगी पलीकडच्या गावची, मंजुळा. ती त्याला फार आवडली. पण बोलणी चालू असताना तिचे मामा त्याच्या तोंडावरच म्हणाले, "पोरगा गुणाचा हाय, पर त्वांड लई खरबरीत." ते दाजिबाच्या जिवाला लागलं. त्याला भाकर गोड लागेना. मंजुळेनं नको म्हटलं तर?

आठवडी बाजारात एक लेपवाला ओरडत होता, "रानातली एकवीस मुळं! समदं नैसर्गिक! सात दिस लावा. आई वळखणार न्हाई, आरशात तुमचं तुमी वळखणार न्हाई!"

दाजिबानं दोन नवे माठ दिले आणि एक पुडा घेतला. आईनं तो हुंगला.

"आरं, ही तर आपल्याच खाणीतली माती."

"आपली कशी आसंल? आपल्या मातीला कुठं पुडा आसतो?"

पहिल्या दिवशी त्यानं लेप लावला, धुतला आणि आईपुढं जाऊन उभा राहिला.

"आये, मी कोण?"

"कोण म्हंजे? दाजिबा. चल, माती तुडव."

"लागू पडत न्हाई," दाजिबा हिरमुसून म्हणाला.

"माती एका दिसात कुठं मुरती? कालवली की वल्या गोणपाटात झाकून ठेवावी, तवा मऊ पडती."

"ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आईनं बघितलं तर चाकाशेजारी गोणपाट बसलेलं. ओलं, आणि आतून शिंकतंय. तिनं ते ओढून काढलं.

"आये, मी कोण?"

"दाजिबा! आरं, गोणपाट मडक्याच्या मातीला! तोंडाला लेप लावला की उन्हात बसावं. वाळंस्तवर हलू नये, बोलू नये. न्हाईतर तडं जात्यात."

"ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी तो अंगणात पाट टाकून उन्हात बसला. हलेना, बोलेना, डोळाही लववेना. तेवढ्यात मंजुळेचे मामा लग्नाचं बोलायला आले. "राम राम" म्हणाले. जवळ येऊन निरखून बघितलं. मामा म्हणाले, "वा! जावयानं मूर्ती झ्याक घडवलीया." त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, मूर्तीच्या डोक्यावर ठेवला आणि छत्री तिच्या खांद्याला अडकवली. मग मूर्ती शिंकली.

मामा थेट वेशीपर्यंत पळाले. आईनं हातापाया पडून त्यांना परत आणलं. मामा म्हणाले, "लग्नात आसलं कायबी झालं, तर पोरगी देणार न्हाई!"

ते गेल्यावर आईनं कपाळ बडवलं. "आरं, अनोळखी पाव्हणा दिसला की आपुन उठावं, आपला पाट त्याला द्यावा. एवढं तरी कळू दे."

"ध्यानात ठेवतो. आये, मी कोण?"

"माझं नशीब!"

"म्हंजे वळखलंस," दाजिबा म्हणाला आणि सुस्कारा टाकून माती तुडवायला गेला.

असे सहा दिवस गेले. रोज आई त्याला ओळखायची आणि रोज त्याचं तोंड उतरायचं. शेवटी तो लेपवाल्याकडं गेला. लेपवाला म्हणाला, "पातळ लावला आसशील. जाड लाव!"

सातव्या दिवशी लग्न. दाजिबा मंजुळेच्या गावी न्हाऊन, मुंडावळ्या बांधून तयार झाला. मग परत न्हाणीत शिरला, पाटावर बसला आणि उरलेला सगळा लेप तोंडावर थापला. कपाळ गेलं, भुवया गेल्या, नाकाचा नुसता उंचवटा राहिला. मग समोरच्या घंगाळात डोकावला.

पाण्यात एक अनोळखी माणूस. पांढराफटक आणि मुंडावळ्या बांधलेला.

मुंडावळ्या आहेत म्हणजे नवरदेव हाच, हे दाजिबाला कळलं. म्हणजे मामांनी मंजुळेला दुसरा नवरा बघितला! पण आईचं सांगणं त्याच्या ध्यानात होतं. तो उठला आणि आपला पाट घंगाळापुढं सरकवला. स्वतःच्या मुंडावळ्या सोडून खुंटीला टांगल्या आणि बाहेर मांडवात पाहुण्यांच्या मागं जाऊन उभा राहिला.

आई धावत आली. "पाव्हणं, माझा दाजिबा दिसला का हो?"

दाजिबा हलला नाही, बोलला नाही. लेप अजून ओला होता. आई पुढं गेली. आईनं ओळखलं नाही! लेप लागू पडला! पण आता त्याचा उपयोग काय, म्हणून त्याला रडू फुटलं.

मुहूर्त टळायला आला. नवरदेव येईलच, म्हणून भटजींनी अंतरपाट धरायला लावला आणि मंगलाष्टकं सुरू केली. अक्षता पडल्या. सगळ्यांत जास्त दाजिबानं टाकल्या, डोळे पुसत पुसत. अंतरपाट खाली आला. मंजुळा हार घेऊन उभी, आणि पलीकडचा पाट रिकामा.

"नवरदेव कुठाय?" मामा गरजले.

लेप एव्हाना वाळला होता, म्हणून दाजिबा मागून म्हणाला, "न्हाणीत हाय. घंगाळात. म्या पाटबी दिला, पर भाईर येतच न्हाई."

मंजुळेनं तो आवाज ओळखला. ती सरळ न्हाणीत गेली, तांब्या भरून आणला आणि त्या पांढऱ्या तोंडावर ओतला. माती ओघळली. खालून तेच खरबरीत तोंड निघालं.

"दाजिबा!" आई ओरडली.

"माझा ह्योच," मंजुळा हसत म्हणाली आणि हार त्याच्या गळ्यात टाकायला पुढं झाली.

"थांब," दाजिबा म्हणाला. "त्यो बिचारा पाट धरून बसला आसंल. त्याला इचारून येतो."

तो न्हाणीत पळाला. घंगाळात डोकावला. आणि दुप्पट वेगानं बोंबलत बाहेर आला.

"त्यो गेला! आता तिथं मीच हाय! मुहूर्त टळायच्या आत कुणीतरी मला भाईर काढा!"